काकांना हप्ता येतो, वडिलांना का नाही?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. विचारणारे पुण्यात नोकरीला आहेत, गाव परभणी जिल्ह्यात. आजोबांच्या नावावर ३ हेक्टर २० आर जमीन होती. आजोबा २०२१ मध्ये वारले. २०२२ मध्ये सातबाऱ्यावर आजी, वडील, काका आणि आत्या अशी चौघांची नावं लागली. वडिलांनी २०२३ मध्ये पीएम किसानची नोंदणी केली, काही हप्ते आले आणि नोव्हेंबर २०२५ पासून बंद झाले. त्यामागोमाग राज्याच्या 'नमो' योजनेचेही बंद. काकांचे दोन्ही चालू आहेत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीचे पैसेही काकांना आले, वडिलांना नाहीत. शिवाय मार्चमध्ये रोख पैसे मोजून दुकानातून ठिबक घेतलंय, त्याचं अनुदान आता मिळेल का? आणि सेवा केंद्रवाला म्हणतो, "दीड हजार द्या, वरून क्लिअर करून आणतो." द्यावेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे उरलेलं वाचेपर्यंत पैसे जायला नकोत. देऊ नका. 'वरून' क्लिअर करायची सोय त्याच्या हातात नाही. तुमचं काम जिथे अडलंय असं मला वाटतं, तिथली सही तालुक्याच्या गावी होते आणि तिला पैसे लागत नाहीत.

मी कृषी खात्यात कृषी सहायक म्हणून लागलो आणि कृषी पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी मराठवाड्यात. (आता या पदांची नावंही बदलली. सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला, पर्यवेक्षकाचा उप कृषी अधिकारी, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी. गावात मात्र अजून "तलाठी आला का?" असंच विचारतात, मीही तेच शब्द वापरतो.) शेवटची सहा वर्षं माझ्या टेबलावर निम्मं काम याच तक्रारींचं होतं. सोमवारी, बाजाराच्या दिवशी, लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन यायचे. पासबुकं, आधारच्या झेरॉक्सा, सातबारे, मध्येच खताच्या पावत्या. पिशवी टेबलावर उपडी करून म्हणायचे, "साहेब, अनुदान नाही आलं."

पहिली गोम याच शब्दात आहे. गावात खात्यावर सरकारकडून जे काही पडतं त्याला 'अनुदान' म्हणतात. प्रत्यक्षात ते चार वेगळे पैसे असतात, चार वेगळ्या याद्यांवरून येतात, आणि एका यादीत नाव आहे म्हणून दुसऱ्या यादीत असेलच असं नाही. तुमच्या प्रश्नात यातले तीन एकत्र आलेत. ते सोडवून घेऊ.

पीएम किसान म्हणजे वर्षाला ६,००० रुपये, दोन दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०१८ पासून लागू धरली. सुरुवातीला दोन हेक्टरची अट होती, ती १ जून २०१९ पासून काढली. म्हणून दहा एकरवाल्यालाही येतात. हा पैसा जमिनीच्या मापावर नाही, कुटुंबामागे आहे, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं एवढंच. एका वाड्यात राहणारे तीन भाऊ, तिघांच्या नावावर वेगळी जमीन, तर ती तीन कुटुंबं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एकाच घरात तीन तीन हप्ते येतात, काहीतरी वशिला आहे. वशिला नसतो. उलट नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन असली तरी हप्ता एकालाच, आणि इथे लोकांनी २०१९ मध्ये खूप चुका केल्या, काहींनी जाणूनबुजून.

राज्याचा 'नमो शेतकरी महासन्मान निधी' हा त्यावरचा दुसरा ६,००० रुपयांचा थर. त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये शिर्डीच्या कार्यक्रमात सोडला. त्याला वेगळा अर्ज नाही, वेगळी यादी नाही. केंद्राच्या यादीत जो पात्र, तोच इथे. म्हणून वडिलांचा पीएम किसान थांबला आणि नमोही थांबला, यात नवल नाही. नमोसाठी वेगळी धावपळ करू नका, मूळ हप्ता सुटला की त्याच्या मागे तो येतो.

दोन्ही मिळून १२,००० होतात. अर्धा एकरवाल्यालाही तेवढेच आणि पंचवीस एकरवाल्यालाही तेवढेच. पंचवीस एकरवाल्याला ते एकरी ४८० रुपये पडतात, डीएपी खताच्या एका पोत्याला १,३५० लागतात. अर्धा एकरवाल्या विधवेला मात्र तेवढ्यात वर्षाचं तेल-मीठ निघतं. म्हणूनच तिचा हप्ता थांबला की ती आठव्या दिवशी ऑफिसात येते आणि मोठ्या शेतकऱ्याला दोन दोन हप्ते थांबल्याचं कळतही नाही. या योजनेवर टीका पुष्कळ झाली. तरी कोणाच्याही पुढे हात न पसरता येणारा हा एकमेव पैसा आहे, असं मला एका म्हातारीने सांगितलं होतं. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आता वडिलांकडे येऊ. हप्ता थांबला की तीन ठिकाणी बघायचं असतं. पीएम किसानच्या साइटवर 'नो युवर स्टेटस' आहे. तिथे नोंदणी क्रमांक टाका. तो माहीत नसेल तर आधार किंवा मोबाइल नंबरवरून तिथेच काढता येतो. पान उघडलं की लोक थेट खाली हप्त्याच्या तक्त्याकडे बघतात. आधी वरच्या तीन ओळी बघा: लँड सीडिंग, ई-केवायसी, आधार बँक अकाउंट सीडिंग. तिन्हींपुढे 'येस' पाहिजे. एकापुढे जरी 'नो' असेल तर तेच कारण, बाकी काही शोधत बसू नका.

लँड सीडिंग म्हणजे तुमची नोंदणी जमिनीच्या नोंदीशी जोडलेली आहे की नाही. २०२२ च्या मे महिन्यात देशभरात दहा कोटींहून जास्त शेतकऱ्यांना हप्ता गेला होता, ऑक्टोबरमध्ये तो आकडा आठ कोटींवर आला. मधल्या काळात हीच जोडणी सक्तीची झाली होती. सगळे बोगस होते असं नाही. पुष्कळांचं नाव सातबाऱ्यावर 'दत्तात्रय' आणि आधारवर 'दत्ता' एवढ्यानेच अडलं. २०१९ मध्ये याद्या इतक्या घाईत भरल्या गेल्या की कुठे आडनाव आधी आलं, कुठे गट नंबरच्या जागी खाते नंबर पडला. त्या रात्री जागून याद्या भरणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा यातली एखादी चूक माझीही असेल. पुढे या योजनेचं काम कोणी करायचं यावरून महसूल आणि कृषी खात्यात बराच काळ रस्सीखेच चालली. २०२३ मध्ये नोंदणी आणि दुरुस्तीचा भार कृषी खात्याकडे आला, जमिनीच्या नोंदी महसूलकडे राहिल्या. शेतकरी मधल्या काळात तहसील ते कृषी ऑफिस अशा येरझाऱ्या घालत होता. अजूनही घालतो, पण आता निदान कुठे जायचं हे सांगता येतं.

ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, सोपी. ओटीपीने होते, अंगठ्याने होते, चेहऱ्यानेही होते. कापूस वेचून, खुरपून ज्यांच्या बोटांच्या रेषा गेल्यात त्यांचा अंगठा मशीनवर येत नाही. २०२३ पासून पीएम किसानच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून केवायसी करता येते. आजीसाठी लागेल, लक्षात ठेवा.

सगळ्यात फसवी ओळ तिसरी. पासबुकावर आधार नंबर आहे, बँकेत साहेब म्हणाले "लिंक आहे", तरी पैसे येत नाहीत. कारण बँकेने आधार नोंदवून घेणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नकाशात तुमचा आधार त्या बँकेकडे दाखवलेला असणं वेगळं. सरकार पैसे पाठवतं ते खाते क्रमांकावर पाठवत नाही, आधार नंबरावर पाठवतं. तो आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेकडे जोडला गेला, तिथे पैसा जाऊन पडतो. अर्जात तुम्ही कुठलंही खातं लिहिलेलं असो.

याचं एक उदाहरण सांगतो. एक बाई दोन वर्षांहून जास्त काळ माझ्याकडे फेऱ्या मारत होत्या. साइटवर सात हप्ते 'पेड' दिसत होते आणि जिल्हा बँकेच्या पासबुकात एकही नाही. गावात बोलबाला झाला की बँकेतल्या कोणीतरी खाल्ले. मी एनपीसीआयची स्थिती बघितली तर बँकेचं नावच वेगळं, त्यांनी आयुष्यात न ऐकलेलं. विचारत विचारत गेलो तेव्हा कळलं की मुलाने सिमकार्ड घेताना त्यांचा अंगठा लावला होता आणि दुकानदाराने त्याच अंगठ्यावर एक खातं उघडून टाकलं होतं. चौदा हजार रुपये त्या खात्यात जसेच्या तसे पडून होते. कोणी खाल्ले नव्हते. त्या बाई हसल्या आणि मग बराच वेळ रडत बसल्या, कारण तेवढ्या काळात त्यांनी त्या बँकेच्या माणसाला गावभर शिव्या दिल्या होत्या.

तेव्हा 'पेड' दिसत असेल आणि पासबुकात नसेल तर भांडायच्या आधी आधार कुठे जोडलाय ते बघा. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये बँकेचं नाव दिसतं. ते बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्यायचा. तिथे "लिंक करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी एनपीसीआयला सीडिंग करा" असं म्हणा. (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यावर.) शब्द बदलला की काउंटरवरचा माणूस वेगळा फॉर्म काढतो. बँक लांब असेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन गावातच उघडून देतो, तेही चालतं.

पण तुमच्या वडिलांना २०२३ नंतर काही हप्ते मिळालेत. म्हणजे या तीन ओळी तेव्हा ठीक होत्या. म्हणून मला शंका चौथ्याच गोष्टीची आहे. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ ही रेघ आहे. त्या तारखेला ज्याचं नाव जमिनीवर होतं तो पात्र. नंतर विकत घेतली, बक्षीसपत्राने आली, वाटणीने आली, तर नाही. अपवाद एकच, मूळ मालक वारला आणि वारसाने नाव लागलं. २०२५ मध्ये केंद्राने यादी चाळली. २०१९ नंतर ज्यांच्या नावावर जमीन आली, आणि एकाच कुटुंबात ज्यांच्या दोघांना हप्ता जातोय, अशी नावं संशयित म्हणून बाजूला काढली आणि प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत त्यांचे हप्ते रोखले. नोव्हेंबर २०२५ चा एकविसावा हप्ता याच कारणाने अनेकांचा अडला. वडिलांचं नाव २०२२ च्या फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीने, लागलं, म्हणजे ते त्या चाळणीत आपोआप सापडणार. संगणकाला वारसाचा फेरफार आणि खरेदीचा फेरफार यातला फरक कळलेला नसतो, तो माणसाने कागद बघून सांगायचा असतो.

मग काकांचं कसं चाललंय? तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात की काकांनी २०१५ मध्ये नदीकडचा एकर विकत घेतला होता. तेच कारण असावं. त्यांची नोंदणी २०१९ मध्ये त्या एकरावर झाली असणार, त्यांना आजोबांच्या जमिनीची गरजच पडली नाही. दोघे सख्खे भाऊ, एकाच आजोबांचे वारस, आणि केवळ एका एकराच्या खरेदीखताने एकजण रेघेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे. घरात यावरून काही बोलणं झालं असेल तर काकांकडे संशयाने बघू नका.

काय करायचं ते ऐका. १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीचा सातबारा काढा, ज्यावर आजोबांचं नाव आहे. २०२२ च्या वारस फेरफाराची नक्कल काढा, गाव नमुना सहाचा उतारा. आजोबांचा मृत्यू दाखला, आजचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), आई आणि वडील दोघांचे आधार. आईचा आधार का, तर एकाच कुटुंबात दोन हप्ते नाहीत हे दाखवायला. हे सगळं घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पीएम किसान बघणाऱ्या टेबलावर पडताळणीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर. "ठेवून जा, बघतो" यावर परतू नका. पात्र ठरल्यावर कारण दूर झालं की रोखलेले हप्ते साधारणपणे पुढच्या हप्त्याबरोबर जमा होतात, बुडत नाहीत. काही अडलंच तर पीएम किसानची हेल्पलाइन १५५२६१ आहे. तिथे तक्रार घेतात, पण तुमच्या बाबतीत सुटणार तालुक्यातच.

एक नाजूक गोष्ट. आजोबा २०२१ मध्ये वारले आणि तुम्ही लिहिता की त्यांच्या खात्यावर त्यानंतरही 'एक-दोन' हप्ते पडले होते, आजीने काढले. मेलेल्या माणसाच्या नावावरचा हप्ता सरकार परत मागतं. आयकर भरणाऱ्यांना आणि मृतांच्या घरच्यांना अशा वसुलीच्या नोटिसा तहसीलमधून गेलेल्या आहेत. नोटीस येईपर्यंत थांबू नका, पडताळणीच्या वेळी स्वतःहून सांगा आणि भरून पावती घ्या. अशा चार हजारांसाठी एका वारसाची फाइल वर्षभर अडकलेली मी पाहिली नसती तर हे लिहिलं नसतं. वडील आयकर भरत नाहीत, पेन्शन घेत नाहीत हे तुम्ही लिहिलंच आहे. तुम्ही स्वतः आयकर भरता त्याचा त्यांच्या पात्रतेशी संबंध नाही, तुम्ही सज्ञान आहात, वेगळं कुटुंब. पण उद्या तुमच्या नावावर जमीन झाली तर तुम्हाला हप्ता नाही, तेव्हा नोंदणी करायला जाऊ नका. आयकर भरणाऱ्या मुलांनी गावाकडे हौसेने नोंदणी करून नंतर चौदा-सोळा हजार परत भरलेले आहेत.

दुसरा पैसा अतिवृष्टीचा. हा हप्त्यासारखा नाही, हा क्षेत्रावर मिळतो. पंचनाम्यात ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान पाहिजे. २०२५ मध्ये दर होते जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक फळबागेला २२,५००. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याची जी दैना झाली, गोदाकाठची गावं पाण्यात गेली, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात मर्यादा दोन हेक्टरवरून तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे ठरले. हे दोन पैसे वेगवेगळ्या वेळी पडतात, एक आल्यावर दुसरा आला नाही म्हणून लगेच घाबरू नका.

वडिलांचा हिशोब करून बघू. ३ हेक्टर २० आरात चार वारस, समान धरले तर वाट्याला ८० आर, म्हणजे दोन एकर. जिरायत सोयाबीनचे ८,५०० च्या दराने ६,८०० रुपये आणि रब्बीचे ८,०००. एकूण १४,८००. काकांना किती आले ते विचारा. त्यांच्या स्वतःच्या एकराचे ४० आर धरून त्यांचं क्षेत्र १ हेक्टर २० आर होतं, म्हणजे १०,२०० आणि १२,०००. तेवढेच आले असतील तर त्यांनी आपलाच वाटा घेतलाय. त्याहून बरेच जास्त आले असतील तर सामाईक गटाची सगळी रक्कम एकाच खात्यावर गेली असण्याची शक्यता आहे. हे पुष्कळदा होतं, आणि त्यात काकांची लबाडी असतेच असं नाही. पंचनाम्याच्या दिवशी बांधावर जो हजर असतो त्याचं नाव यादीत पहिलं लागतं. तुमचे वडील त्या दिवशी दवाखान्यात होते असं तुम्ही लिहिलंय.

सामाईक सातबाऱ्याला नियम साधा आहे. एक तर प्रत्येकाचा वाटा वेगळा दाखवून प्रत्येकाच्या खात्यावर, नाहीतर बाकीच्यांचं संमतीपत्र घेऊन एकाच्या खात्यावर. संमतीपत्र नसेल तर रक्कम लटकते. तुमच्याकडे नेमकं काय झालंय ते तलाठ्याकडच्या यादीत दिसेल. त्या यादीत प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो, गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. वडिलांच्या नावापुढे तो आहे का बघा. असेल तर त्या नंबरवरून पैसे कुठवर आलेत ते सेवा केंद्रात कळतं. नसेल तर नाव यादीतच नाही, तेव्हा तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या, सोबत त्या हंगामाची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात कोणतं पीक आहे याची नोंद, जोडा. पीक पाहणी केलीच नसेल तर बाजू लंगडी पडते. हे दर हंगामाला मोबाइलवर करायचं काम आहे आणि पुण्यात बसलेल्या मुलाने सुट्टीला गावी आल्यावर करण्यासारखं हेच एक काम आहे, बाकी वडील करू शकतात.

शेतकरी ओळख क्रमांकही बघा, ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात. कृषी योजनांसाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा झालाय. सामाईक जमिनीत प्रत्येक खातेदाराचा स्वतंत्र निघतो. बरेच जण एका गटावर आयडी काढतात आणि दुसऱ्या गावच्या शिवारातला गट जोडायचा विसरतात. मग तेवढं क्षेत्र सरकारच्या लेखी तुमचं नसतंच. वडिलांचा काढलेला असेल तर त्यात सगळे गट आलेत का एकदा तपासा.

बँकेने अतिवृष्टीचे पैसे कर्जात वळते केले तर? तुम्ही विचारलं नाही, पण पीककर्ज थकलंय असं लिहिलंय म्हणून सांगतो. मदतीच्या शासन निर्णयात हे पैसे कर्जवसुलीकडे वळवू नयेत असं लिहिलेलं असतं. शाखेत त्या निर्णयाची प्रत घेऊन जा, लेखी अर्ज द्या. तोंडी बोललात तर "सिस्टिमने कापले" हे उत्तर ठरलेलं आहे.

पीकविम्याचं दोनच वाक्यांत. तो सरकारी मदत नाही, करार आहे, आणि मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर ठरतो. २०२३ च्या खरिपात आलेला एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आता खरिपाला दोन टक्के हप्ता भरावा लागतो. वडिलांनी यंदा भरलाच नाही असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तो विषय इथेच संपला.

तिसरा पैसा ठिबकचा, आणि इथे माझ्याकडे चांगली बातमी नाही. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या योजनांचे अर्ज घेणाऱ्या साइटवर, क्रम असा आहे: अर्ज, निवड, कागद अपलोड, पूर्वसंमती, मग खरेदी, मग शेतावर मोका तपासणी, जागेच्या खुणेसह फोटो, आणि शेवटी खात्यावर पैसे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर ते धरत नाहीत. दुकानदार म्हणेल, "बिल नंतरच्या तारखेचं करून देतो." तसं करू नका. तपासणीला गेलेला माणूस लॅटरलवरची (ठिबकच्या नळीवरची) माती आणि उन्हाने गेलेला रंग बघून सांगतो की हे या हंगामाचं नाही. मी स्वतः असे प्रस्ताव परत पाठवलेत, आणि त्यातले दोघं माझ्या नात्यातले होते. त्या दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं बोलावणं आलं नाही.

उरलेल्या क्षेत्रासाठी घ्यायचं असेल तर मात्र जरूर अर्ज करा. अल्पभूधारकाला केंद्राचं ५५ टक्के आणि राज्याचं पूरक धरून ८० टक्क्यांपर्यंत, इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत मिळतं. पण हे टक्के शासनाने ठरवलेल्या खर्चावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नसतात. अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे. पूर्वी सोडत निघायची, आता जो आधी अर्ज करेल त्याला आधी, तेव्हा लवकर भरून ठेवा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद हवी, आणि तुमच्या विहिरीची नोंद आजोबांच्या नावावर आहे का, चौघांच्या, ते आधी बघा. सामाईक विहीर असेल तर पाणी वापराची संमती लागते. आणि एक सल्ला माझा स्वतःचा: अनुदान येईल या भरवशावर व्याजाने पैसे काढू नका. पूर्वसंमती वेळेवर मिळते, पण पैसे निधी येईल तेव्हा येतात. मधल्या काळाचं व्याज कोणी देत नाही.

आता पुन्हा त्या दीड हजारवाल्याकडे. त्याच्यावर मी फार चिडत नाही. तीही गावातलीच पोरं, कमिशन तुटपुंजं, वीज आणि नेट स्वतःचं. फॉर्म भरायचे ठरलेले पैसे द्या, पावती मागा. पण 'क्लिअर करून आणतो' याचे पैसे देऊ नका. आणि वडिलांच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपला 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल) आली तर ती उघडू नका म्हणून बजावून ठेवा. ती टाकली की फोनमधले ओटीपी दुसऱ्याला दिसतात आणि खात्यावर असलेलंही जातं.

आजीचं राहिलं. तिचंही नाव सातबाऱ्यावर आहे, वारसाने लागलेलं आहे, आजोबा गेल्यावर ती स्वतंत्र कुटुंब धरली जाते. तिची नोंदणी कोणी केलीच नाही असं दिसतं. वडिलांचे कागद काढाल तेव्हा तोच फेरफार, तोच जुना सातबारा तिच्याही कामाला येतो. आधार, पासबुक आणि फार्मर आयडी तेवढं तिचं लागेल. चौघांत सगळ्यात आधी तिचा अर्ज जायला हवा होता. पण घरात कर्त्या पुरुषाच्या पुढे म्हातारीचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही, हे मी शेकडो घरांत पाहिलंय.

आणि आत्या. वर जे जे संमतीपत्र म्हटलं, अतिवृष्टीचं, विहिरीच्या पाण्याचं, त्या प्रत्येकावर त्यांची सही लागणार आहे. तुम्ही लिहिलंय की २०२२ मध्ये 'हक्कसोड करून टाकू' असं घरात ठरलं होतं आणि तेव्हापासून त्या माहेरी आलेल्या नाहीत. हक्कसोडपत्र हवंच आहे का, ते घरच्यांनी ठरवावं, त्यांना वाटा ठेवायचा असेल तर तो त्यांचा आहे. पण संमतीपत्रावर सही घेणं म्हणजे हक्क सोडून घेणं नव्हे. हे त्यांना तलाठ्याने किंवा सेवा केंद्रवाल्याने सांगण्यापेक्षा तुमच्या वडिलांनी स्वतः जाऊन सांगितलेलं बरं. कागद पिशवीतच राहू द्या म्हणावं. पहिल्या दिवशी सही मागू नका. त्यांच्या वाट्याचे अतिवृष्टीचे पैसे कुठे गेले, हे त्यांनी विचारायच्या आधी वडिलांनी सांगावं, आणि त्यांच्याकडे फार्मर आयडी आहे का तेवढं विचारून यावं.